फिशटँकच्या पाठीमागे काय लावावे?

पूर्वी आपल्याकडे मासे पाळायचे म्हणजे विहिरीत सोडायचे. मुले काठावरून वाकून बघत आणि मोठी माणसे ओरडत. आता पेडणे, डिचोली, साखळीच्या घरांतून, आणि म्हापसा-पर्वरीला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या फ्लॅटमधून तर जास्तच, टीव्हीशेजारी काचेची टाकी दिसते. ती येते नातवंडांच्या हट्टाने आणि सांभाळतात आजी-आजोबा. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे बरेच सभासद आम्हाला सांगतात की मासे फिके पडले, कोपऱ्यात लपून बसतात, खायला वर येत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांत मरतात. पाणी किती बदलता, खाणे किती घालता, फिल्टर चालू असतो का, ही चौकशी आधी होतेच. त्यानंतर आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो, टाकीच्या मागे काय लावले आहे? बहुतेकांना तो गमतीचा वाटतो.

गमतीचा वाटण्याचे कारणही आहे. टाकी, स्टँड, लाइट, मासे यांची निवड तासभर चालते आणि बॅकग्राउंडचा निकाल शेवटच्या दोन मिनिटांत लागतो. दुकानदार एक गुंडाळी काढतो. तिच्या एका बाजूला निळा समुद्र आणि प्रवाळ, दुसऱ्या बाजूला हिरवी झाडे. मुले समुद्र मागतात, तो टाकीच्या लांबीइतका तुकडा फुटावर कापून देतो, आपण घरी येऊन मागे चार ठिकाणी चिकटपट्टी मारतो. मागची भिंत आणि वायरी झाकल्या गेल्या की काम झाले असे आपण समजतो. हा पडदा आपल्यासाठी आणि पाहुण्यांसाठी आहे, असे धरून चाललेले असते. पाहुणे त्याच्याकडे पाच मिनिटे बघतात. मासा त्याच्यासमोर चोवीस तास असतो.

माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. त्यांतल्या काळ्या पेशींत काळे कण असतात. हे कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका दिसतो. भोवतालचा रंग बघून मासा हे आपोआप करतो, आणि काही जातींत हा बदल थोड्या मिनिटांत होतो. हाच मासा कित्येक आठवडे फिक्या जागेत राहिला तर कणांचे सोडाच, काळ्या पेशींची संख्याच कमी होऊ लागते. म्हणजे पांढऱ्या भिंतीसमोर, पांढऱ्या खड्यांवर ठेवलेला मासा फिका पडला तर दर वेळी आजारच असेल असे नाही. तो आपल्या परीने पांढऱ्या जागेत लपत असतो.

हे लपणे त्याच्या जिवाच्या मोलाचे आहे. फ्रान्सिस समनर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात याचा प्रयोग केला होता. त्याने घेतलेला मासा आपल्याही परिचयाचा, डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतभर विहिरी-टाक्यांत सोडला गेलेला गंबूशिया. काही मासे त्याने काळ्या टाकीत आणि काही फिक्या टाकीत ठेवले. काही आठवड्यांनी एक गट गडद झाला, दुसरा फिका. मग दोन्ही गट एकत्र करून एकाच रंगाच्या टाकीत सोडले आणि त्यात पेंग्विन पक्षी सोडले. ज्यांचा रंग टाकीशी जुळत नव्हता ते मासे जास्त पकडले गेले. आपल्या हॉलमध्ये पेंग्विन येणार नाही हे खरे, पण ते माशाला कोण सांगणार? उघड्या, उजेडाच्या, चारही बाजूंनी दिसणाऱ्या जागेत आपण आहोत, एवढेच त्याला कळते आणि त्या ताणाखाली तो जगतो. ताणाखालचा मासा कमी खातो आणि रोगाला लवकर बळी पडतो.

घरोघरी असणाऱ्या गप्पीचीही अशीच गोष्ट आहे. गप्पी मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. जॉन एंडलर या संशोधकाने गप्पी कृत्रिम तळ्यांत वाढवले. काही तळ्यांच्या तळाशी बारीक खडी होती, काहींत जाड. ज्या तळ्यांत गप्पी खाणारे मोठे मासे होते तिथे काही पिढ्यांत नरांच्या अंगावरचे ठिपके खडीच्या आकाराशी मिळते होत गेले. जिथे शत्रू नव्हता तिथे उलट झाले, ठिपके खडीपेक्षा उठून दिसणारे होत गेले, कारण तिथे लपण्यापेक्षा मादीच्या नजरेत भरणे फायद्याचे होते. हे काम १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. माशाला पाठीमागची आणि पायाखालची जमीन किती महत्त्वाची असते हे यावरून दिसते.

पायाखालची असे मुद्दाम म्हटले. माशाचा डोळा वरून येणारा उजेड आणि खालून परत फिरणारा उजेड यांची तुलना करतो, आणि त्यावर अंगाचा रंग ठरतो. त्यामुळे मागे काळा पडदा लावला आणि तळाला पांढरी शुभ्र खडी पसरली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. जमा आणि खर्च एकाच पानावर बघायची आम्हाला बँकेतली सवय, म्हणून आमचा सल्ला असा की बॅकग्राउंड आणि तळ यांचा निर्णय एकत्रच करावा. गडद पडदा असेल तर नदीच्या वाळूसारखी तपकिरी, करडी किंवा काळसर बारीक खडी घ्यावी. निळी, गुलाबी, चकाकणारी रंगीत खडी दुकानात सुंदर दिसते. ती मुलांच्या खेळण्यांत ठेवावी.

मग मागे कोणता रंग? दहांतल्या आठ घरांना आमचे उत्तर एकच असते, साधा, चित्र नसलेला गडद रंग. काळा, नाहीतर गडद तपकिरी, नाहीतर रात्रीच्या आभाळासारखा गडद निळा. काळ्यापुढे निऑन टेट्राची निळी रेघ, गप्पीची शेपटी, गोल्डफिशचा केशरी रंग जसा खुलतो तसा कोणत्याही चित्रापुढे खुलत नाही. शिवाय काळ्यामुळे टाकी आहे त्यापेक्षा खोल वाटते, आणि फिल्टरची काळी नळी, हीटर, वायरी त्यात विरून जातात.

ज्यांना हे रुक्ष वाटते त्यांना आम्ही दशावताराची आठवण करून देतो. पेडण्यात जत्रेतले दशावतार बघत वाढलेल्यांना सांगायला नको, रंगमंचावर एक बाकडे आणि मागे एक पडदा. राजवाडा तोच, अरण्य तेच, कैलासही तोच. सगळे लक्ष पात्रावर. संगीत नाटकाची तऱ्हा वेगळी. तिथे जंगलाचा, महालाचा, रस्त्याचा रंगवलेला पडदा असे, आणि कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्यासारखे कलावंत ते रंगवत. पण तो पडदा दर प्रवेशाला बदलत असे आणि पात्रही त्याला साजेसे उभे राहत असे. आपल्या टाकीत प्रवाळाच्या चित्रापुढे गोड्या पाण्यातला एंजेल वर्षभर फिरतो. प्रवाळ खाऱ्या पाण्यातले, एंजेल ॲमेझॉनच्या संथ पाण्यातला. चित्र बदलत नाही, उन्हाने विटत मात्र जाते.

आता काचेचा एक गुण सांगायला हवा. घरात टाकी असेल तर समोर उभे राहून तिच्या बाजूच्या काचेकडे, म्हणजे डाव्या किंवा उजव्या काचेकडे बघा. काचेपलीकडची भिंत दिसत नाही, टाकीतलेच मासे आणि झाडे पुन्हा दिसतात. पाण्यातून निघालेला उजेड काचेला फार तिरका येऊन भिडला, काचेच्या लंबरेषेपासून साधारण ४९ अंशांहून जास्त, तर तो पलीकडच्या हवेत जातच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. म्हणजे काचेचा आरसा होतो. समोरून बघताना आपल्याला मागची काच आरशासारखी दिसत नाही, कारण आपण तिच्याकडे बरेचसे सरळ बघत असतो. टाकीच्या आत असलेला मासा मात्र मागच्या काचेकडे तिरका बघतो तेव्हा त्याला तिथेही आरसा दिसतो. मागे कागद चिकटपट्टीने नुसता लटकवला असेल, काच आणि कागद यांच्यामध्ये हवा असेल, तर कागद कितीही काळा असला तरी माशासाठी आरसा कायमच राहतो. फायटर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावतो ते याचमुळे. सिक्लिड जातीचे मासेही असेच भांडत बसतात.

यावर उपाय म्हणजे मधली हवा काढून टाकणे. पडदा काचेला पूर्ण चिकटला की उजेड काचेतून सरळ पडद्यात जातो आणि गडद रंग तो गिळून टाकतो. आपल्या बाजूनेही फरक लगेच दिसतो. लटकवलेल्या कागदावर जागोजागी चंदेरी, धुरकट डाग दिसतात. चिकटलेल्या पडद्यावर ते नसतात आणि रंग एकसारखा खोल दिसतो.

सर्वांत स्वस्त म्हणजे काळा चार्ट पेपर. कोरड्या महिन्यांत तो चालतो. आपल्याकडे जून उजाडला की त्याला लाटा येतात, ओल धरतो आणि सप्टेंबरपर्यंत मागे बुरशीचे ठिपके पडतात. भाड्याच्या घरात, दोन-चार महिन्यांसाठी लावायचा असेल तर हरकत नाही. त्यापेक्षा फ्लेक्सचे बोर्ड छापणाऱ्या दुकानात मिळणारे चिकट व्हिनाइल चांगले. एकरंगी, चित्र नसलेले मागावे. काच साबणाने धुऊन कोरडी करावी, तिच्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, व्हिनाइल ठेवावे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी व हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. गाडीच्या काचेला फिल्म लावणाऱ्याचे हात बघितले असतील तर पद्धत कळेल. आधीपासून घरात असलेली दुकानाची चकचकीत गुंडाळीच वापरायची असेल, तर काचेच्या बाहेरच्या अंगाला ग्लिसरीनचा पातळ हात मारून ती चिकटवावी. ग्लिसरीन काचेसारखेच उजेड वाकवते, म्हणून मधला आरसा नाहीसा होतो. खालच्या कडेने ओघळ येतो, तो पुसावा लागतो.

आमच्या मते सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे मागच्या काचेला बाहेरून रंग. टाकी रिकामी असताना हे करावे. बाहेरची बाजू स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढावा, कडेच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर मास्किंग टेप लावावी, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि थिनर सांध्यांना लागू देणे बरे नव्हे. काळ्या ऑइल पेंटचे रोलरने दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पुढचा. शेवटी टाकीच्या आत बल्ब धरून मागून बघावे. कुठे टाचणीएवढी भोके राहिली असतील तर उजेडात चमकतात. रंग नकोसा झाला तर ब्लेडने खरवडून निघतो. आतल्या अंगाला रंग कधीही लावू नये, डबीवर काहीही लिहिलेले असो.

टाकीच्या आत बसवायच्या उठावदार बॅकग्राउंडबद्दल हल्ली फार विचारणा होते. थर्मोकोल कोरून, वर सिमेंटचा लेप देऊन केलेले खडक मोबाइलवरच्या व्हिडिओत अप्रतिम दिसतात. त्याचा हिशेब मात्र मांडून बघावा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर साधारण १०६ लिटर पाणी मावते. तिच्यात तीन इंच जाडीची भिंत बसवली की रुंदी नऊ इंच उरते आणि पाणी ८० लिटर. व्याज सुरू होण्याआधीच मुद्दलातला चौथा हिस्सा गेला. कमी पाणी लवकर घाण होते आणि लवकर तापते. शिवाय थर्मोकोल तरंगतो. त्या मापाचा अखंड तुकडा पाण्याखाली दाबून धरला तर तो सुमारे २६ किलोच्या जोराने वर येऊ बघतो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतका. कोरून कमी झाला तरी जोर थोडाथोडका नसतो. सिलिकॉन एका रात्री सुटले की सकाळी काय दिसेल त्याची कल्पना करा. आणि भिंतीमागे फट राहिली तर मासा तिथे अडकतो, मरतो आणि कुजल्याचा वास येईपर्यंत कळत नाही. कच्चे सिमेंट पाणी क्षारीय करते. कित्येक आठवडे पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून मगच ते वापरता येते. एवढे करूनही कोणाला हौस असेल तर टाकी मोठी घ्यावी, भिंत पातळ ठेवावी, सर्व कडा बंद कराव्यात आणि सिलिकॉन साधे, व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना बाधते.

आपल्या भागात दुसरा मोह असतो तो चिऱ्याचा. घर बांधताना उरलेल्या चिऱ्याच्या चकत्या कापून मागे उभ्या कराव्यात, म्हणजे टाकीत आपला गाव आल्यासारखे वाटेल. कल्पना चांगली आहे, पण चिरा भुसभुशीत असतो, बराच काळ लाल धूळ सोडतो, आणि उभा केलेला दगड मासा किंवा हात लागून पडला तर काच जाते. बसवायचाच तर पक्का, जुना, पावसाने धुतलेला तुकडा घ्यावा, पुन्हा पुन्हा धुवावा आणि तळावर आडवा टेकवावा. मागची बाजू काळीच ठेवावी. चिऱ्याचा तांबूस रंग काळ्यापुढे फार छान दिसतो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आणि घरच्या तिसऱ्यांची टरफले मात्र गोड्या पाण्याच्या टाकीत नकोत. ती चुन्याची असतात, हळूहळू विरघळून पाणी जड करतात. कोणत्याही दगडाबद्दल शंका आली तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फेस आला तर तो दगड बागेत.

सगळ्यांत जिवंत पडदा झाडांचा. मागच्या काचेलगत वॅलिसनेरियाची रांग लावली तर तिची रिबनसारखी पाने वरपर्यंत जातात आणि पंपाच्या प्रवाहात डोलतात. काही महिने धीर धरावा लागतो, आणि तोवर मागे गडद रंग असलेला बरा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे नातेवाईक लिस्बनला आहेत. तिथे गेलात तर मत्स्यालयात जपानी कलावंत ताकाशी अमानो यांनी २०१५ साली उभारलेली ४० मीटर लांबीची टाकी चुकवू नका. तिच्यात झाडे, लाकूड आणि दगड यांनीच सगळा देखावा उभा केला आहे.

गडद रंगाला अपवाद आहेत. काळी मॉली, काळा मूर गोल्डफिश काळ्यापुढे हरवून जातात. त्यांच्यासाठी मध्यम निळा किंवा करडा घ्यावा. जेवणघर आणि हॉल यांच्यामध्ये दुभाजक म्हणून ठेवलेल्या, दोन्हीकडून दिसणाऱ्या टाकीला मागची बाजूच नसते. तिथे निदान एक आखूड बाजू गडद करावी आणि मधोमध लाकूड व दाट झाडे ठेवून माशांना आडोसा द्यावा. चारही बाजूंनी उघडी टाकी आम्ही कोणालाच सुचवत नाही.

आपल्याकडच्या माशांची हौस असणाऱ्यांना रंग शोधायला लांब जावे लागत नाही. हरवळ्याच्या धबधब्याखालचा ओहोळ किंवा शापोऱ्याला मिळणारा एखादा व्हाळ पावसानंतर पाणी निवळले की बघावा. तळाला कुजलेली पाने, काठाच्या झाडांची मुळे, तांबूस-काळा दगड. निळे काही नसते. पेथिया सेतनाई हा दोन काळ्या पट्ट्यांचा छोटा मासा छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये शास्त्राला ओळख करून दिला तो गोव्यातूनच, सांग्याकडून. डोक्यावर चमकता ठिपका असणारा ॲप्लोकायलस तर आपल्या विहिरी-तळ्यांत दिसतो, आणि मलेरियाच्या डासांविरुद्ध गोव्यात तो वापरूनही पाहिला गेला आहे. अशा माशांना गडद तपकिरी पडदा आणि वर तरंगती झाडे मानवतात. ओहोळातून मासे धरून मात्र आणू नयेत, यांतल्या काही जाती मुळातच थोड्या उरल्या आहेत. आणि कंटाळा आला म्हणून टाकीतले परदेशी मासे ओहोळात सोडणे त्याहून वाईट.

टाकी भिंतीला टेकवू नये. जुन्या चिऱ्याच्या घरात पावसाळाभर भिंत ओल ओढते, आणि मागचा कोणताही पडदा त्या ओलीने खराब होतो. चार बोटे जागा सोडली की वायरी, फिल्टर आणि फडके फिरवायला हात जातो. खिडकीसमोरची टाकी असेल तर गडद मागचा भाग आणखी एक काम करतो. तो ऊन अडवतो आणि काचेवर शेवाळ कमी धरते.

चालू टाकीला नवा पडदा लावायचा असेल तर दिवसा, लाइट लावून करू नये. एका क्षणात मागचे जग काळे झाले की मासे बिथरतात, काचेवर आदळतात, झाकण नसेल तर बाहेर उडी मारतात. संध्याकाळी लाइट बंद करून, टाकी न हलवता, मागून हळू लावावा आणि सकाळपर्यंत लाइट लावू नये. दुसऱ्या दिवशी थोडे कमी खाणे घालावे. दोन-तीन दिवसांत मासे मोकळे फिरू लागतात, रंग भरायला दोन-चार आठवडे लागतात. चवथीला घर पाहुण्यांनी भरते, माटोळी बांधताना स्टूल, शिडी, माणसे टाकीभोवती फिरतात. तेव्हा हे काम चवथीच्या महिनाभर आधी उरकावे.